सुईवाल्या बाईंची सर्दी

कोलशेतच्या लॅबमधल्या त्या बाई दर तीन महिन्यांनी माझं रक्त काढतात आणि मला ओरडतात. माझ्या रक्तात नॅचरल किलर नावाच्या पेशी वाढल्यात, आणि जंतूंना अडवणाऱ्या दुसऱ्या पेशी कमी झाल्यात. मशीनवर विश्वास नाही म्हणून त्या दाणेदार किलर पेशी बाई स्वतः मायक्रोस्कोपखाली बघतात. "काका, तुमचे दाणेदार पैलवान हजर आहेत. नुसते बसून असतात मेले!"

माझ्या शिरेला बाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. परवा मात्र सुई लॅबमधल्या दुसऱ्या मुलीच्या हातात, आणि बाई मास्क लावून बाहेर जिन्यात.

"मला सर्दी झालीय. तुम्हाला परवडणार नाही." मग तिथूनच ओरडल्या, "डावा हात घे गं, उजवा फसवतो! आणि काका, डोळे मिटा!"

सुई बघून मला घेरी येते, हे आता अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.