इटलीत पोचलेला निरोप

बाबाराव उमाळ्यांना आमच्या कॉलनीत लोक 'सायकलवाले' म्हणत, आणि त्यात थोडी टिंगल असे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं? सकाळी बागेत बसावं, बीपीच्या गोळ्यांची चर्चा करावी, सरकारला आणि जावयाला नावं ठेवावीत. हे गृहस्थ गिअरची सायकल काढून अभनपूरला जात, मन झालं तर तसेच पुढे राजिमला, आणि येताना हँडलला भाजीची पिशवी अडकवून येत. "काहून एवढं उन्हातान्हात?" असं कोणी विचारलं तर म्हणत, "जिंदगीभर दुसऱ्यांची चाकं ठीक केली. आता आपली फिरवून पाहून राहिलो."

मी त्यांचा शेजारी. पोस्टातून निवृत्त झालो आणि दर शनिवारी मंडळाच्या हॉलात मराठी शिकवतो. रायपुरात हे काम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा खुर्च्या जास्त. आमच्या पोरांना मराठी समजते, उत्तर मात्र ती हिंदीत देतात, आणि आईबाप म्हणतात, समजतं ना, मग झालं. या एका वाक्यावर माझं डोकं फिरतं. समजतं म्हणे!

सूनही बाबारावांनी सायकलवरच शोधली. अभनपूरच्या अलीकडे एकदा पंक्चर झालं, म्हणून एका शेतातल्या घरी पाणी मागितलं. पाणी घेऊन आली ती पूर्णिमा. तिच्या वडलांशी गप्पा झाल्या, मग जाणंयेणं झालं, आणि वर्षभरात ती अनिमेषची बायको होऊन उमाळ्यांच्या घरात आली. अनिमेष म्हणजे बाबारावांचा एकुलता मुलगा, सिलतराच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. अकोल्याच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. छत्तीसगढी पोरगी, घरात मराठी कोण बोलणार? शारदाबाईंनी, म्हणजे बाबारावांच्या पत्नीने, एका वाक्यात विषय संपवला. "मी बोलते ना, तेवढं पुरते." पुढे खरंच तसं चाललं. सासू वऱ्हाडीत बोलायची, सून हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं इतकं जमायचं की शेजारणींना बोलायला काही उरलं नाही.

इटलीचं वेड मात्र मूळचं शारदाबाईंचं. बाबाराव टीव्हीवर सायकलवरच्या भटक्यांचे व्हिडिओ लावत आणि त्या शेजारी बसून मटार सोलत. त्यात एकदा दक्षिण इटलीतली गावं दिसली. पांढरीशुभ्र गल्लीबोळं, लाल माती, जैतुनाची म्हातारी झाडं, आणि एका गावात तर टोपीसारख्या निमुळत्या दगडी छपरांची घरं. "अहो, धान भरायच्या ढोल्यांत लोक राहून राहिले तिथं!" बाई एकदम खूश. त्यांचे गुडघे गेलेले, सायकलवर त्या जन्मात बसल्या नव्हत्या. पण नंतर रोज त्याच गावांचे व्हिडिओ लागू लागले, आणि एक दिवस त्यांनीच फर्मान काढलं, "तुम्ही जा. मले फोनवर दाखवा. पण शेवटच्या टोकापर्यंत जा, अर्ध्यातून नका येऊ."

टोक म्हणजे जिथे इटलीची टाच समुद्रात संपते ते. रेल्वे कारखान्यातले जुने सोबती सौमित्रबाबू तयार झाले आणि गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी दोघं निघाले. विमानतळावर निघताना शारदाबाईंनी नवऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवली आणि सौमित्रबाबूंना बजावलं, "यांना उतारावर सांभाळा, चढावर ते स्वतः सांभाळतात."

सुरुवातीच्या शहराचं नाव बारी. तिथे त्यांनी सायकली भाड्याने घेतल्या. "आपली बारी आली!" हा बाबारावांचा विनोद आम्ही फोनवर रोज ऐकला आणि रोज हसलो. गाव कोणतं का असेना, दुपारी जेवण झालं की उमाळ्यांच्या घरी फोन यायचा आणि आम्ही दोन-चार शेजारी शारदाबाईंभोवती जमायचो. चुन्याने माखलेल्या भिंती दिसत, गारा न लावता नुसते दगडावर दगड रचून केलेले शेतांचे बांध दिसत, त्यांच्या कडेने लाल रानफुलं डोलत. दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी माणसं इटालियनमध्ये काहीतरी म्हणत आणि बाबाराव हात जोडून "राम राम" म्हणत. दोन्हीकडे समाधान. एकदा शारदाबाईंनी हट्ट धरला की तिथल्या एका म्हातारीच्या दारावरची वेल कसली ते विचारा. बाबारावांनी वऱ्हाडीत विचारलं, तिने इटालियनमध्ये सविस्तर सांगितलं, आणि शेवटी एक फांदीच तोडून त्यांच्या सायकलला बांधली. शारदाबाई हसून हसून खोकल्या. त्यांना एवढं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

त्या हसण्यानंतरच्याच एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. अनिमेष शिफ्टवर होता. पूर्णिमाने एकटीने त्यांना गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनला आत घ्यायचं ठरवलं. धमन्या बंद झाल्या होत्या, पण आशा आहे म्हणाले. अनिमेषने धावतपळत येता येता वडलांना फोन केला. बाबाराव तेव्हा टेकडीवरच्या एका पांढऱ्या गावात होते. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिथेच पायरीवर बसले. विमानतळ तिथून जवळ होता. सौमित्रबाबूंनी त्याच रात्रीची तिकिटं शोधूनही ठेवली होती.

निघावं की थांबावं? डॉक्टर आशा आहे म्हणतात, मुलगा म्हणतो तुमचं तुम्ही ठरवा, आणि बायकोने बजावलेलं, अर्ध्यातून येऊ नका. बाबारावांनी पूर्णिमाला फोन लावला. "आत जाताना काही म्हणाली का ती?"

पूर्णिमा म्हणाली, "हाँ बाबा. स्ट्रेचर पर मेरा हाथ पकड़के बोलीं, बाबा को बोल देना, आती हूँ।"

बाबारावांचा जीव भांड्यात पडला. आती हूँ म्हणाली म्हणजे धीर आहे, बाहेर येणार, उद्या फोनवर बसणार. त्यांनी सौमित्रबाबूंना तिकिटं राहू द्या म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाची वाट धरली. त्या वाटेवर रोग पडून वाळलेली जैतुनाची झाडं होती, मैलोगणती. त्यांनी फोटो काढले नाहीत. शारदाला असलं दाखवायचं नाही, असं ते सौमित्रबाबूंना म्हणाले.

शारदाबाई आत शुद्धीवर आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. रात्रीच्या विमानाने बाबाराव निघाले असते तर त्यांची भेट झाली असती. हे मी कितीही घोळवून लिहिलं तरी एवढंच आहे. ते संध्याकाळी त्या पुढच्या गावात पोचून हातपाय धूत होते तेव्हा अनिमेषचा फोन आला. टोक राहिलं. मे महिन्याचं रायपूर, देह किती ठेवणार? बाबाराव अस्थी सावडायला तेवढे पोचले.

खरी गोष्ट कळली ती नंतर. तेराव्याच्या आधी अकोल्याहून शारदाबाईंच्या बहिणी आल्या होत्या. बैठकीत सगळे बसलेले. पूर्णिमा पुन्हा पुन्हा तोच प्रसंग सांगत होती. दुःखात माणूस तेच तेच सांगतो. या वेळी तिने सासूचे शब्द जसेच्या तसे उच्चारले, अगदी त्यांच्या आवाजात. "मम्मी ने बोला, 'यांना सांग, येते मी.' तो मैंने बाबा को तुरंत बता दिया, आती हूँ बोली हैं।"

खोलीतल्या मराठी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने तोंडाला पदर लावला. मी बाबारावांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला होता. पूर्णिमा सगळ्यांकडे बघू लागली. "क्या हुआ? मैंने ठीक बोला था ना, बाबा?"

"हव, बेटा," बाबाराव म्हणाले. "बरोबर सांगितलं तू." आणि त्यांनी पाणी पिऊन टाकलं.

संध्याकाळी ओसरीवर ते माझ्याजवळ बोलले. "घरून मी निघालो होतो, ती नाही. मी म्हणायचं येतो म्हणून. अन् हजारो कोसांवर बसलेल्या नवऱ्याला बायको 'येते मी' म्हणून निरोप धाडते, तो कशाचा असते? मराठीत आला असता तर मी नंग्या पायानं विमानतळावर गेलो असतो. पोरीनं हिंदी केली. तिची काय चूक? तिले वाटलं परत येते म्हणून राहिली." मग बराच वेळ ते रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मलाही रडू आलं, आणि रागही आला, पण कोणावर काढावा ते कळेना. शेवटी ते म्हणाले, "तिच्या कानावर जाऊ नका देऊ." मी बहिणींना तशी शपथ घातली.

सायकल नंतर भिंतीला लागली ती लागलीच. घर नीट चाललं होतं. पूर्णिमा सासऱ्यांना वेळेवर खाऊ घाली, ते तिला भाजी निवडून देत. पण बोलणं कमी झालं होतं. आणि दिवाळीनंतर एकदा ती माझ्या दारात उभी राहिली. "काका, मुझे मराठी सीखनी है। मम्मी बोलती थीं, मैं बस समझ लेती थी। उनसे उनकी बोली में एक बात नहीं की मैंने।"

इतकी वर्षं विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून ओरडणारा मी, आणि मीच टाळाटाळ केली. वर्ग भरलाय म्हणालो. माझा वर्ग, भरलेला! ती हसली आणि पुढच्या शनिवारी हजर झाली. मागोमाग बाबाराव, सायकल हातात धरून, चालत. त्यांना घरी बसवलं नसावं. ते आत आले नाहीत, फाटकाशीच थांबले.

येणं-जाणं हे क्रियापद पहिल्याच धड्यात असतं. मी तो धडा गाळून भाज्यांची नावं घेतली. पूर्णिमा मन लावून वांगी, कोहळं, घोळ म्हणत होती. मला वाटलं, निभावलं.

पण त्या दिवशी पद्मिनीताईंचा निरोपसमारंभ होता. मुलांना गाणी शिकवणाऱ्या आमच्या पद्मिनीताई घर विकून कायमच्या लेकीकडे पुण्याला चालल्या होत्या. गाडी उभी होती. त्यांनी सगळ्यांना हात जोडले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "येते हं मी."

गाडी गेली. पूर्णिमा हॉलच्या पायरीवर पायात एक चप्पल घालून तशीच उभी होती.

"काका, आंटी तो हमेशा के लिए गईं ना? फिर 'येते' क्यों बोलीं?"

मी चष्मा पुसू लागलो. उत्तर फाटकाकडून आलं. "लौटने का मन रहता है बेटा, इसलिए बोलते हैं," बाबाराव म्हणाले. "आपल्यात 'जाते' नाही म्हणत."

पूर्णिमा त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेलेला मी पाहिला आहे, आणि तो मला विसरता येत नाही.

"आपको उसी दिन मालूम हो गया था, बाबा?"

"हव."

"तो सबके सामने बोला क्यों, कि मैंने ठीक बताया?"

बाबारावांनी सायकल फाटकाला टेकवली, वर येऊन तिची दुसरी चप्पल उचलली आणि तिच्या पायाशी ठेवली.

"शारदा तर गेली, बेटा," ते म्हणाले. "तुले पण कसं जाऊ देऊ?"