उजव्या हाताचं स्वयंपाकघर

मी सुतार. सुतार घरं बांधतो असं लोक समजतात. कापसाच्या त्या चार-पाच वर्षांत मी अमरावतीत एकही नवं घर बांधलं नाही, उभी घरं उतरवली. पाडायला कोणीही चालतो, कुदळ धरता आली की झालं. उतरवायला सुतार लागतो. आधी छपराची, म्हणजे धाब्याची माती काढायची, मग फळ्या, मग तुळया, शेवटी खांब, आणि प्रत्येक लाकडाच्या टोकाला पटाशीनं खूण करायची. दुसऱ्या गावी तेच लाकूड त्याच जागी बसलं पाहिजे. माझी खूण कधी चुकली नाही. याचा मला फार ताठा होता, आणि पुढचं सगळं त्या ताठ्यापायीच झालं असं मला आता वाटतं.

तेव्हा सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यामुळं आमच्या वऱ्हाडच्या कापसाला भलताच भाव आला. कोण कोणाशी लढतं हे गावात कोणालाच धड माहीत नव्हतं. पण लढाई थांबू नये म्हणून देवाला नारळ फोडणारे मी या डोळ्यांनी पाहिलेत. परकोटाच्या आत गाड्या मावेनात. गल्ल्याच्या गल्ल्या वखारींसाठी विकल्या गेल्या. आमच्या गल्लीतून आधी कोष्टी गेले, कारण सूत त्यांच्या हाताला लागेना. माग थांबले तेव्हा दोन-तीन दिवस मला कानात दडे बसल्यासारखं वाटत होतं. मग एकेक घर जाऊ लागलं. सकाळी ज्या ओट्यावर बसून तंबाखू मळावी, तिथं संध्याकाळी कापसाची गंजी. रांजणात कापूस, भुवयांत कापूस, भाकरीवर कापूस.

लोक नुसते जात नव्हते, घर घेऊन जात होते. आगगाडीच्या कामाला मेळघाटातला साग जाऊ लागला होता आणि परतवाड्याच्या बाजारात चांगली तुळई डोळ्यांना दिसेना. ज्याच्याकडं जुनं सागवान होतं, तो जागा विकी आणि लाकूड गाडीवर घाली. म्हणून माझी चलती होती.

गल्लीच्या मधोमध एका कापसाच्या दलालाचं घर होतं. घर मोठं नव्हतं, पण लाकूड अस्सल. त्यांना आम्ही शेठजी म्हणत असू. त्यांच्या थोरल्या बहिणीला अख्खी गल्ली आत्याबाई म्हणे. लहानपणी देवी आल्या आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. लग्न झालं नाही. मी सांगतो त्या काळात त्या चाळिशीच्या पुढं असतील. घर त्याच चालवत. विहिरीचं पाणी त्या काढत, डाळ त्या निवडत, आणि उंबरठ्यावर कोण आलं ते पावलावरून ओळखून त्याच्या चपला कुठं ठेवायच्या हेही त्याच सांगत. माझी बायको सहा महिने त्यांच्याकडून विरजण आणत होती. त्यांना दिसत नाही हे तिला सातव्या महिन्यात कळलं.

शेठजींनी जागा विकली. अकोल्याला आगगाडी येणार, धंदा तिकडं सरकणार, म्हणून मोर्णा नदीच्या पलीकडं नव्या वस्तीत त्यांनी जागा घेतली. आत्याबाई जायला तयार होईनात. शेठजींनी समजावलं, रागावले, दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी मला पुढं घातलं. मी गेलो तर त्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मिस्त्री, या घरात मी आंधळी नाई," त्या म्हणाल्या. "याच्या बाहेर पाय टाकला का आंधळी. आता तुमीच सांगा, मी जाऊ का नोको?"

मी छाती काढून सांगितलं, घर जसंच्या तसं अकोल्यात उभं करीन, बोटाचा फरक पडणार नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं, शेंगा बाजूला सारल्या आणि माझे डोळे पंच्यानं बांधले. म्हणाल्या, आधी या घरातून चालून दाखवा, मग शब्द द्या. भर दुपारी मी माझ्या ओळखीच्या घरात तीनदा आपटलो आणि त्या पोट धरून हसल्या. मग त्यांनी मला शिकवलं. दारातून पाच पावलं, की मधला खांब. खांबाला उजव्या हातानं धरून उजवीकडं वळायचं. तिथून सात पावलांवर स्वयंपाकघराचं दार, तिथं मान वाकवायची, चौकट बुटकी आहे. मग न्हाणी, मग तीन पायऱ्या उतरून विहीर. पाचव्यांदा मी कुठंही न धडकता विहिरीपर्यंत गेलो. तेव्हा त्या हो म्हणाल्या. एकच अट घातली: मधल्या खांबाला रंधा लावायचा नाही. त्या खांबाला त्यांच्या खांद्याच्या उंचीवर हातानं झिजून खळगा पडला होता. वर्षानुवर्षं रोज तिथं हात पडत होता.

त्यांना दोन महिने बहिरमच्या बाजूला मामाकडं ठेवलं आणि मी घर उतरवलं. लाकडं सात गाड्यांत भरली. पुढच्या गाडीचा गाडीवाला परकोटाबाहेरचा मुसलमान, वयस्कर माणूस, बैलांशी उर्दूत बोले आणि माझ्याशी वऱ्हाडीत. बडनेरा, मूर्तिजापूर करत कापसाच्या गाड्यांच्या रांगेत आमच्या तुळया चालल्या होत्या. रस्त्यात लोक विचारत, काय भरलं? तो सांगे, घर आहे, घरवाले मागून येतात.

अकोल्यात पाया आखायला गेलो तेव्हा शेठजी जागेवर उभे होते. उजवीकडून मोठा रस्ता जात होता, त्या अंगाला त्यांना कापसाची वखार पाहिजे होती. तेव्हा स्वयंपाकघर, न्हाणी, विहीर सगळं डावीकडं घ्या, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आत्याबाईंना शब्द दिलाय. ते म्हणाले, शब्द घराचा दिलाय ना, घर तेच आहे, बाजू तेवढी बदलते. आणि तिला आताच सांगू नका, ऐकलं तर ती यायची नाही.

मी हो म्हणालो. मला कोणी धमकी दिली नव्हती. खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. घर आरशात दिसावं तसं उलटं बसवायचं आणि एकही लाकूड वाया जाऊ द्यायचं नाही, हे वऱ्हाडात दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. खाचा जुळल्या, तुळया बसल्या. पाच पावलं ती पाच, सात पावलं ती सात. मधला खांब मी खळग्यासकट जसाच्या तसा उभा केला. आत्याबाईंना काय, दोन दिवसांत सवय होईल, असं मी मनाशी म्हणत होतो. डोळस माणसाला दुसऱ्याची सवय फार सोपी वाटते.

वास्तुशांतीच्या सकाळी त्या बैलांच्या दमणीतून उतरल्या. चौकट चाचपली. उंबरठ्यावरचा फुटका टवका बोटानं शोधला आणि त्यांचं तोंड एवढं उजळलं की शेठजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या आत गेल्या. पाच पावलं चालून हात पुढं केला, तो नेमका खळग्यात. "आलं बाप्पा घर," असं म्हणून त्या उजवीकडं वळल्या आणि भिंतीवर आदळल्या.

पाहुणे होते, कोणी तरी धावलं. त्यांनी सगळ्यांना दूर केलं. कपाळाला टेंगूळ आलं होतं. परत मागं आल्या, परत खांबाला हात लावला, खळगा नीट चाचपला, आणि परत उजवीकडं वळून त्याच भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग भिंतीकडं तोंड करूनच विचारलं, "मिस्त्री, तुमी मले सांगतलं काहून नाई?"

शेठजीच बोलत राहिले.

परकं घर असतं तर त्यांनी महिन्याभरात पाठ केलं असतं. एवढी हुशार बाई. पण या घरात प्रत्येक खांब त्यांना सांगे, तू तुझ्या घरात आहेस, आणि त्या ऐकत. पाय आपोआप उजवीकडं वळत. गरम तव्यावर हात पडला, विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या, दोनदा थोडक्यात वाचल्या. मग भावजयीनं किल्ल्या आपल्याकडं घेतल्या. आत्याबाई खांबाला टेकून बसू लागल्या, एका जागी, दिवसभर.

मी कामासाठी अकोल्याला गेलो की तिथं जाई. जायची इच्छा नसे, पण पाय ओढत नेत. एकदा दुपारी पाहिलं तर त्या उजवीकडच्या भिंतीला कान लावून उभ्या होत्या. मला पावलावरून ओळखलं. हळू आवाजात म्हणाल्या, स्वयंपाकघर याच्या पलीकडं आहे, कोणी तरी तिथं भांडी घासून राहिलं, इतके दिवस कोण वापरून राहिलं आपलं घर? असल्या बोलण्यानं घरातली मुलं त्यांना भिऊ लागली होती, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. पलीकडं वखार आहे, आत्याबाई, कापूस भरलाय, असं सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरून मला भिंतीशी ओढलं. मी कान लावला. विहिरीच्या रहाटाचा आवाज येत होता. करकर करत रहाट फिरला, बादली पाण्याला टेकली, आणि परत वर येऊ लागली. वखारीत हमाल गाठी लोटत असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि बाहेर येऊन पाहिलं तर वखारीला कुलूप होतं. त्या दिवशी मी शेठजींच्या घरी पाणीही न पिता निघालो. मला भीती वाटली होती. त्याहून जास्त लाज वाटली होती.

मग तिकडची लढाई संपली आणि इकडं भाव कोसळले. शेठजींची वखार रिकामी झाली, ती तशीच राहिली. अमरावतीत आमच्या गल्लीत ज्यांनी जागा घेतल्या होत्या, त्यांनीही हात आखडले. तोवर आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली होती. एके दिवशी तोच म्हातारा गाडीवाला अकोल्याहून निरोप घेऊन आला.

"आत्याबाईनं पुसलं हाये," तो म्हणाला. "जुन्या घराचं जोतं हाये का गेलं?"

जोतं, घराखालचा दगडी चौथरा, जागेवर होतं. घेणाऱ्यानं बांधकाम केलंच नव्हतं, जुन्या जोत्यावर कापूस रचत होता, आणि आता कापूसही नव्हता. पण तो पुढच्या आठवड्यात दगड खणून न्यायला येणार होता, हे मला माहीत होतं, कारण ते काम त्यानं मलाच विचारलं होतं. मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो. शेठजींनी नाही म्हटलं नाही. त्यांच्यात नाही म्हणायचं बळ उरलं नव्हतं.

आगगाडीत आत्याबाई ताठ बसल्या होत्या. डबा हिसका देई तेव्हा सगळे जण मिळेल त्याला धरत, आणि त्या म्हणाल्या, आज सगळेच आमच्या जातीचे झाले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना थट्टा करताना ऐकलं. बडनेऱ्याहून बैलगाडी केली. गल्लीत उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. दोन्ही अंगांना मोकळ्या जागा, मध्ये एखादी पडकी भिंत, दगडांच्या फटींत मळलेला कापूस. त्यांना हे दिसत नाही याचं मला बरं वाटलं.

त्या काठीनं चाचपत जोत्याच्या दोन पायऱ्या चढल्या. जिथं दार होतं तिथं काठी टेकवून ठेवली, म्हणजे ती खाली पडली, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. पाच पावलं. उजवा हात वर केला, नसलेला खांब धरला, आणि वळल्या. सात पावलं. तिथं मान वाकवली. मोकळ्या आभाळाखाली एक बाई मान वाकवून आत गेली आणि पलीकडं ताठ झाली, हे मी पाहिलं. न्हाणीच्या जागेवरून तीन पायऱ्या उतरल्या, विहिरीच्या काठाला हात लावला, परत वर आल्या. कुठं थांबल्या नाहीत, कुठं चुकल्या नाहीत. चुलीच्या जागी बसल्या, भोवती हात फिरवला, आणि मला विचारलं, मिस्त्री, ताक घेता का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? त्यांनी दिलं, मी घेतलं. रस्त्यावर दोन हमाल उभे राहून पाहत होते, ते निघून गेले.

बराच वेळ तशा बसल्या. मग उठल्या आणि आल्या वाटेनं दारापाशी आल्या. बाहेर पाऊल टाकण्याआधी म्हणाल्या, "दार ओढून घ्या, मिस्त्री. कुत्रं येते."

ते दार मी स्वतः उतरवलं होतं. ते कसं फिरतं, कडी किती उंचीवर आहे, हे माझ्या हाताला माहीत होतं. मी हवेत हात घातला आणि ओढलं. म्हणालो, "ओढलं जी."

त्या मान कलती करून उभ्या राहिल्या. मी समजलो त्या कशासाठी थांबल्यात.

"आवाज नाई आला," त्या म्हणाल्या.

त्या आणखी थोडा वेळ ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे खाली आले आणि त्यांनी माझ्या बाजूला हात पुढं केला. इतक्या वर्षांत त्यांनी आधाराला कोणाचा हात मागितला नव्हता. मी तो धरला. हात गार होता, आणि माझी पकड सुटू नये म्हणून त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली.

जोत्याच्या पायऱ्या दोनच होत्या. पहिली उतरल्या आणि तिथंच थांबून त्यांनी मला विचारलं, "आणखी किती हायेत?"