शितळादेवीने पोचवलेला विम्याचा कागद

देवीवर मी रुसले होते, ते आधीच लिहून टाकते. वर्षभर ज्या कागदाला ओवाळले त्याने ऐन वेळी गाडी वाचवली नाही, असे त्या दुपारी माझ्या मनात आले. आज त्या रुसण्याचे हसू येते, पण तेव्हा आमची चूलच त्या गाडीवर होती.

तारापूरला विजेचा मोठा कारखाना बांधू लागले, तेव्हा आमच्या ह्यांनी जुनी मोटार घेऊन टॅक्सी सुरू केली. बोईसर स्टेशनावरून साहेबलोकांना पोचवायचे आणि मुक्कामाला पालघरला घरी यायचे. विम्याचा कागद माझ्या हाती देऊन म्हणाले, हा नसला तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, जपून ठेव. मी चौथी शिकलेली, कागद सगळा इंग्रजी. अपघात दूर ठेवणारा ताईतच असावा, असे मी धरले. विचारायला लाज वाटली. कागद केळव्याच्या शितळादेवीच्या तसबिरीमागे ठेवला आणि रोज हळदकुंकू वाहिले.

वर्ष सरले, नवा कागद आला. त्यालाही लगेच कुंकू लावले. पूजलेली वस्तू केरात टाकत नाहीत, म्हणून जुना कागद निर्माल्याबरोबर सातपाटीच्या समुद्रात सोडून आले. देवीचे कुंकू भिजू नये म्हणून तो मेणकापडात गुंडाळून लाल दोऱ्याने घट्ट बांधला होता. बुडवायच्या वस्तूला मेणकापड कशाला, हे काही सुचले नाही.

पुढच्याच आठवड्यात सातपाटीत एका बैलाला चुकवताना ह्यांची गाडी बोंबील सुकत घातलेल्या बांबूंत शिरली. माणसे वाचली, गाडीचा दिवा फुटला, बोंबील मातीत गेले. हवालदाराने सांगितले, विम्याचा कागद आण, नाहीतर गाडी चौकीत जाईल. हे धावतपळत घरी आले. मी कागद दिला. त्यांनी त्यावरचे साल वाचून मला दाखवले. तो गेल्या वर्षीचा होता. नवा मी समुद्राला दिला होता.

हे रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. मी होऊन म्हटले, मी येते, हवालदाराला मीच सांगते. परक्या पुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. वाटभर देवीला एवढेच म्हणत होते की, आता तूच बोल.

तिथे बायका जमल्या होत्या. जिचे बांबू मोडले ती पारूबाय कमरेवर हात ठेवून उभी. मी हवालदारापुढे जाऊन उभी राहिले. मान खाली गेली, तर मोडक्या बांबूला उरलेल्या बोंबलांच्या रांगेत लाल दोऱ्याने एक कागद टांगलेला. त्यावर कुंकू.

मी नुसते बोट दाखवले.

पारूबाय म्हणाली, "तो तुमचा हाय? वाळूवर मेणकापडात मिळाला, जरा भिजलेला. कुंकू लावलेला, म्हणून टाकला नाय. दर्या दुसऱ्याचा काय ठेवत नाय गो बाय. सुकत घातला, तवर तुमची गाडी आली."

हवालदाराने कागद उलटसुलट वाचला, मग लांब धरला. बोंबलाचा वास काही केल्या जाईना. गाडी सुटली.

नंतर विम्याचा साहेब येऊन पाहून गेला. पारूबायचे बांबू आणि बोंबील कंपनी भरून देणार होती. आमच्या दिव्याचे ह्यांनी विचारले, तर म्हणाला, हा विमा तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्यासाठी. तुमचा दिवा तुम्हीच बसवा.

मी ह्यांना हळूच विचारले, "मग वर्षभर मी ओवाळले ते कोणासाठी?"

"पारूबायसाठी," हे म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

मी देवीकडे आमच्यापुरते मागत होते आणि कागद हरवला म्हणून रडत होते. ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्याच दारी तिने तो आधीच नेऊन टांगला होता. आता कागद गाडीतच असतो. सकाळी गाडी निघताना मी हात जोडते ते आधी वाटेत येणाऱ्यांसाठी, मग आमच्यासाठी. दिव्याचा विषय मात्र तिच्याकडे काढत नाही.