फरक पंधरा

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत मी केसाएवढ्या काचेच्या तंतूंवर लेसरने खुणा कोरतो. लेसरचा ठोका इतका क्षणिक असतो, की आजूबाजूची काच तापायच्या आत खूण उमटते. समान अंतरावर हजारो खुणा पाडल्या, की तंतू प्रकाशाची एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवतो. तंतू ताणला किंवा तापला, की ती वाढते.

दिंडोशीतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या खांबाला भेग दिसली, तेव्हा मी तिच्यावर आडवा एक तंतू चिकटवला. शेजारी, भेगेवरूनच, दुसरा बारीक नळीत मोकळा सोडला. त्याने फक्त तापमान सांगायचं. पहिल्यातून दुसरा वजा केला, की भेगेचा ताण उरतो. दर रविवारी मी वहीत फरक लिहायचो, पिकोमीटरमध्ये. आठ. अकरा. पंधरा.

मग गणपतीआधीचं रंगकाम झालं. त्यानंतर पंधरा. पंधरा. पंधरा.

"बघ, तुझा खांब बरा झाला!" सोसायटीचा सेक्रेटरी हसला. "उगाच इमारतीचं ऑडिट करा, ऑडिट करा म्हणत होतास."

मलाही हायसं वाटलं. सात रविवार.

आठव्या रविवारी वजाबाकीआधीचे आकडे सहज वाचले. रंगकामापासून दोन्ही तंतू शहाण्णव पिकोमीटरने वर गेले होते. उकाडा तर कमी झाला होता. आकडे उतरायला हवे होते. मी नखाने नळीचं तोंड खरवडलं. आत रंगाऱ्यांची पुट्टी, सुकून दगडासारखी. मोकळा तंतूही भेगेवर पक्का बसला होता. दोघे मिळून ताणले जात होते, आणि मी एकातून दुसरा वजा करत होतो.

सेक्रेटरीला दाखवलं. "अरे, शहाण्णव म्हणजे किती? केसाएवढं तरी आहे का?"

"केसापेक्षा खूप कमी. पण थांबलेलं नाही."

"मग पुढच्या मीटिंगला घेऊ."

वर आलो. बायकोला म्हटलं, "आईला घेऊन आजच तुझ्या भावाकडे जा."

तिने वही हातात घेतली, पंधराची रांग बघितली. "सात आठवडे तुम्हीच सगळ्यांना सांगत होता ना, काळजी नाही म्हणून?"

"हो."

"मग आधी ते जाऊन खोडा. बत्तीस घरं आहेत. आईंची बॅग मी भरते."

सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. पहिलंच दार लवकर उघडेना. नव्या रंगाने चौकटीला चिकटलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग आतून आवाज आला, "जोरात ढकला काका, परवापासून अडकतंय."