जोडलेले हात

विधानसभेला मी अपक्ष उभा राहिलो तो बायकोच्या हट्टानं. प्रचार संपत आला होता, त्या दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसून माझ्या पत्रकांच्या घड्या घालत होतो. ती म्हणाली, "अवो, आमदार झालासा तर म्हशीचं शेण कुणी काढायचं?" मी म्हणालो, "तूच." "मग माझं मत दुसऱ्याला," म्हणाली आणि हसली. तासाभरात तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. दारात माणसं येत होती. ज्यांच्याविरुद्ध उभा होतो ते आमदारही आले, त्यांनी हात जोडले. मीही जोडले आणि तोंडातून निघालं, "लक्ष असू द्या." पंधरा दिवस दारोदार हेच म्हणत होतो. कुणी हसलं नाही. मला लाज वाटली नाही, रडूही आलं नाही. मत मागायला, देवापुढं, मयताला, हात आपण एकाच तऱ्हेनं जोडतो. कशासाठी जोडले ते हातांना काय कळणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकातच, प्रचारात राहिलेल्या वाडीवर गेलो. पहिल्या दाराशी हात जोडून उभा राहिलो. घरातली बाई बाहेर आली, पदर सावरून तिनंही हात जोडले. मी हात तसेच जोडून पुढच्या दाराशी गेलो.