मजकुरात नसलेलं वाक्य

मी सॉफ्टवेअरवाली बाई. आउटपुट आलं म्हणजे इनपुट असणारच, एवढंच मला ठाऊक... भूत-बित मानणाऱ्यांची मी आजवर थट्टाच करत आले. तरीही हे लिहितेय.

सेलू तालुक्यातलं वालूर हे माझं सासर. घरूनच कंपनीचं काम करते. दोन वर्षांपूर्वी मी एक बेवारस ओपन सोर्स पॅकेज, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर, सांभाळायला घेतलं — लिहिलेलं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं. चुडाव्याच्या एका सरांनी ते बनवलं होतं, बायकोच्या आवाजात. ती गेली आणि त्यांनी त्याला हात लावणं सोडलं. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "घ्या ताई. मला तो आवाज आता ऐकवत न्हाई."

पहिली तक्रार आली राणीसावरगावहून. तिथले एक अंध शिक्षक रोज त्यावर पेपर ऐकतात. "ताई, ही बाई मधीच 'जेवलात का?' म्हणून इचारायलीय. बातमीत तसं काईच न्हाई हो!"

कोड तपासला. सगळी रेकॉर्डिंग ऐकली. ते वाक्य कुठंच नव्हतं. मग एकदा भर दुपारी टेस्टिंग करताना, सोयाबीनच्या बातमीत मधेच — "जेवलात का?" हे पॅकेज शब्दांचे तुकडे जोडून बोलतं, सांधे ऐकू येतात. हे मात्र एका दमात आलं... आधी श्वास घेतल्याचाही आवाज.

पॅकेज काढूनच टाकावं, असं मनात आलं. पण त्या शिक्षकांचं वाचणं बंद पडलं असतं. शेवटी लॅपटॉप घेऊन चुडाव्याला गेले.

सोयाबीनची तीच बातमी लावली. ते वाक्य पुन्हा आलं, सरांनी ऐकलं. मग म्हणाले, "दवाखान्यात होती तवा रोज फोन करून हेच इचारायची. शेवटच्या दिशी मी चिडून फोन ठिवला... सांगितलंच न्हाई."

"मग आता सांगा," — माझ्या तोंडून कसं निघालं, कुणास ठाऊक.

ते स्क्रीनकडं वाकले. "जेवलो गं. तू नको काळजी करू."

लॅपटॉपचा माईक बंद होता. कोडमध्ये मी एक ओळही बदलली नाही. पण ते वाक्य त्यानंतर कुणालाच ऐकू आलं नाही. शिक्षक आजही रोज पेपर ऐकतात.

तक्रार बंद करताना कारण लिहायचा माझा नियम आहे. आधी लिहिलं — तांत्रिक चूक. मग खोडलं. तिथं आजही एवढंच आहे: माहीत नाही.