यान्जमाचं जळण

यान्जमाच्या गेरमागे, नमद्याच्या त्या गोल तंबूमागे, जळणाचे तीन ढीग होते. तीन वर्षांपूर्वी नोमिन सून होऊन आली तेव्हा तिला तिन्ही सारखेच दिसले. शेण ते शेण. पहिल्याच सकाळी तिने हाताला लागलं ते शेगडीत कोंबलं, आणि चहाला आधण यायच्या आत आग विझली.

"घोड्याची लीद आहे ती, पोरी," सासू म्हणाली. "भुर्रकन पेटते, भुर्रकन जाते. माझ्या दिरासारखी."

मग यान्जमाने तिला ढीग ओळखायला शिकवलं. लीद नुसती पेटवायला. चहा-मांसाला गाईची रानशेणी, तीही शरदातली. आणि हाडं फोडणाऱ्या थंडीला मेंढवाड्यातल्या लाद्या. हिवाळाभर मेंढ्यांच्या खुरांखाली तुडवून तुडवून लेंड्यांचा दगड होतो. वसंतात तो कुदळीने कापायचा आणि उभा करून उन्हात वाळवायचा.

एकाहत्तर वर्षांची यान्जमा रोज पाठीवर टोपली बांधून माळ हिंडे. लांब दांड्याच्या पंजाने शेणी उचलून खांद्यावरून मागे फेकी, मान न वळवता. शेणी टोपलीतच पडे. हातात घेतली की ती कुठल्या ऋतूतली, कुठल्या उतारावरची, सांगे. नोमिनने गुपचूप निशाण्या करून तिची परीक्षा घेतली होती. सासू एकदाही चुकली नाही. त्यानंतर नोमिनने परीक्षा घेणं सोडलं.

या हिवाळ्यात नोमिनला बाळ झालं. दिवस भरायच्या आत झालं, त्यामुळे मूठभरच होतं. आणि गेल्या वसंतात पाऊस लागून लाद्या भिजल्या होत्या. चांगल्या अशा अकराच उरल्या. यान्जमाने त्या बाळासाठी राखून ठेवल्या. नोमिनचा नवरा बात्सुख तालुक्याच्या गावाहून कोळशाची पोती घेऊन आला. यान्जमाने ती दाराबाहेरच उतरवायला लावली. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या तळावर कोळसा धुमसत ठेवून, झाकण लावून निजलेली माणसं सकाळी उठली नव्हती.

"आई, जग कुठल्या कुठे गेलं. तू शेणाला धरून बस," बात्सुख म्हणाला.

"जाऊ दे जगाला. मी इथेच आहे."

त्यानंतर आठवडाभर मायलेक एकमेकांशी फक्त मेंढ्यांविषयी बोलले.

त्या दिवशी बात्सुख सकाळीच कळप घेऊन दक्षिणेच्या माळावर गेला. दुपारी वायव्येचा वारा सुटला, आणि घटकाभरात मेंढवाड्याची भिंत दिसेनाशी झाली. हिमवादळात मेंढ्या वाऱ्याला पाठ देतात आणि चालत राहतात. मेंढपाळ त्यांना सोडत नाही, तोही चालत राहतो. असे चाललेले लोक कुठे सापडतात, ते दोघींनाही ठाऊक होतं.

यान्जमा दारात उभी राहून वारा हुंगत होती. मग ती मागे गेली आणि लाद्या उचलू लागली. नोमिनने तिचा हात धरला. त्या बाळाच्या होत्या.

"बाळाला कोळसा घाल," यान्जमा म्हणाली.

नोमिनला आपण नीट ऐकलं असं वाटेना.

"शेगडीची झडप उघडी ठेव. छताच्या भोकावरचं पांघरूणही अर्धं सार. आणि तिथून हलू नकोस, मुतायलासुद्धा."

यान्जमाने कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक गेरला बांधलं आणि भिंतीच्या आडोशाला गेली. आधी लीद पेटवली. त्यावर लाद्या फोडून रचल्या. वर ओलसर लेंड्यांचा थर दिला. पिवळट, जाड धूर उठला आणि जमिनीला चिकटून वाऱ्याबरोबर सरकत गेला. हात शेकायला ती आत आली तेव्हा नोमिनने विचारलं, आगच हवी तर कोळशाची का नको?

"वारा मेंढ्यांना नेतोय तिकडेच धूर जाणार. कोळशाचा वास त्यांच्या ओळखीचा आहे का? हा त्यांच्या अंथरुणाचा वास."

जळण ऊब देतं, एवढंच नोमिनला माहीत होतं. ही बाई वाऱ्याच्या अंगावर हाक घालत होती.

कोळसा तांबडा फुलला. बाळाचे गाल लाल झाले. यान्जमा पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली. सात लाद्या संपल्या, मग आठ. नववी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरून नेली, तेव्हा नोमिनने पाहिलं आणि नजर वळवली.

उजेड जायच्या बेताला भिंतीजवळ कळपापुढे चालणारा एक बोकड खोकला. त्याच्यामागे पांढरी हलती रांग. शेवटी बात्सुख, घोडीच्या शेपटीला धरून. चौदा मेंढ्या कमी होत्या.

तोंड हलायला लागल्यावर त्याने सांगितलं, की दिशा केव्हाच हरवली होती. तो घोडीच्या आडोशाला बसणारच होता. तेवढ्यात पुढचे बोकड थांबले आणि वाऱ्याकडे तोंड करून माघारी चालू लागले. असं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःला कसलाच वास आला नव्हता. नाक तर कधीच गोठलं होतं. मग त्याची नजर शेगडीवर गेली.

"कोळसा?"

"पोराला थंडी वाजत होती," यान्जमा म्हणाली आणि त्याचे बूट ओढून काढू लागली.

सकाळी आभाळ निवळलं. नोमिन बाळाला डगल्यात घेऊन बाहेर आली आणि जागीच थबकली. विझलेल्या आगीभोवती सगळा कळप गोल उभा होता. माना खाली, राखेला नाकं लावून. एकही मेंढी चरायला हलत नव्हती.

"हटा गं, सटव्यांनो," म्हणत यान्जमा त्यांच्यातून वाट काढत होती, आणि अर्धवट जळलेल्या लाद्यांचे तुकडे वेचून टोपलीत टाकत होती.